चार ट्रॅक आणि दहा सेकंद

अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीनं १९८७ साली एसपी-१२०० नावाचं एक यंत्र बाजारात आणलं. वर आठ बटणं, आठ सरकत्या पट्ट्या आणि फ्लॉपी डिस्कसाठी एक फट. कुठल्याही रेकॉर्डवरचा आवाज त्यात भरून घ्यायचा आणि बटण दाबून हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा वाजवायचा. हिपहॉपवाले याला सॅम्पलिंग म्हणतात. यंत्राची कुवत मात्र बेताची होती. सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज त्यात मावायचा, आणि एक सलग तुकडा अडीच सेकंदांहून मोठा घेता यायचा नाही.

अडीच सेकंदांत येतं काय? एखादी तान उचलून वळते न वळते तोच वेळ संपतो. न्यूयॉर्कच्या पोरांनी यावर तोड काढली. ३३ फेऱ्यांची एलपी ४५ च्या वेगानं फिरवायची, तो चिरका, धावता आवाज यंत्रात भरायचा आणि मग यंत्रातच वेग उतरवून त्याला मूळ पट्टीत आणायचं. जागा वाचायची. पण उतरवताना आवाजाच्या कडा खरबरीत व्हायच्या, ड्रमचा ठोका जाड आणि धुळकट ऐकू यायचा. ध्वनितंत्राच्या हिशेबात हा सरळ दोष. नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या हिपहॉपला रंग दिला तो याच दोषानं. आज महागड्या स्टुडिओंमध्ये संगणकावर हरतऱ्हेची सोय असताना तो खरबरीतपणा मुद्दाम आणला जातो.

या लेखात मी ज्या रेकॉर्ड्सची शिफारस करणार आहे, त्या सगळ्यांच्या मुळाशी अशीच काहीतरी ओढाताण आहे. काही हिपहॉपच्या आहेत, काही इंडी रॉकच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना बाजूला ठेवून स्वतःच्या नाहीतर दोस्तांच्या छोट्या लेबलवर काढलेल्या गिटारच्या संगीताच्या. या दोन्हींचे रसिक एकमेकांकडे फिरकत नाहीत. गिटारवाल्यांना रॅप म्हणजे नुसती बडबड वाटते, आणि रॅपवाल्यांना हे गिटारचं संगीत खाऊनपिऊन सुखी पोरांचं रडगाणं वाटतं. दोघंही मोठ्या आनंदाला मुकतात. ही दोन्ही संगीतं स्टुडिओचं भाडं परवडत नसलेल्या माणसांनी हाताशी जे होतं त्यातून उभी केली, आणि हाताशी जे होतं त्याची मर्यादाच पुढे त्यांची शैली झाली. म्हणून ती एकत्र ऐकावीत, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात करा ती एका गाण्यापासून. न्यूयॉर्कला लागून असलेल्या माउंट व्हर्नन गावचे पीट रॉक आणि सी. एल. स्मूद. त्यांचा १९९२ चा अल्बम ‘मेक्का अँड द सोल ब्रदर’ आणि त्यातलं ‘दे रेमिनिस ओव्हर यू’. ट्रॉय डिक्सन हा त्यांचा दोस्त, नर्तक, १९९० साली कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना अपघातात गेला. पीट रॉकनं टॉम स्कॉट या सॅक्सोफोनवादकाची १९६७ ची एक रेकॉर्ड घेतली, त्यातला सॅक्सोफोनचा तुकडा उचलला आणि एसपी-१२०० वर त्याभोवती ठेका बांधला. तो तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी थोडा अधिक जवळचा होऊन येतो. त्यावर सी. एल. स्मूद काय सांगतो? दोस्ताच्या मरणाबद्दल फार कमी. तो आपल्या आईबद्दल बोलतो, मामाबद्दल बोलतो, घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलतो. गेलेल्या माणसाच्या निमित्तानं घरातल्या सगळ्यांची आठवण निघावी, तसं. हिपहॉप म्हणजे दागिने, गाड्या आणि शिव्या असं ज्यांना वाटतं, त्यांना मी वाद न घालता हे गाणं ऐकवतो.

हिपहॉपची जन्मकथा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. ११ ऑगस्ट १९७३. ब्रॉंक्समधली १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीनं इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, नाममात्र तिकीट लावलं आणि रेकॉर्ड वाजवायला आपल्या भावाला बसवलं. भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, मूळचा जमैकाचा. नाचणाऱ्यांना रेकॉर्डमधला नुसत्या ठेक्याचा भाग सर्वांत जास्त आवडतो, हे त्यानं हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच भाग लांबवू लागला. वाद्यं विकत घ्यायला पैसे नव्हते, पण घराघरांत आईबापांच्या रेकॉर्ड्स होत्या. ते वाद्य झालं.

आता मोठी शिफारस. नॅस या विशीतल्या मुलाचा ‘इलमॅटिक’, एप्रिल १९९४. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटं, आणि त्यात टाकाऊ काही नाही. नॅस क्वीन्सब्रिजचा. ही न्यूयॉर्कमधली सरकारी घरांची वसाहत, उत्तर अमेरिकेतली अशा प्रकारची सर्वांत मोठी. वडील ओलू डारा हे जॅझवाले, कॉर्नेट वाजवायचे, आणि या रेकॉर्डवर एका गाण्याच्या शेवटी त्यांची कॉर्नेट ऐकू येते. मुलगा आयुष्य किती स्वस्त आहे ते सांगून थांबतो आणि बाप शब्दांशिवाय पुढचं वाजवतो. ‘वन लव्ह’ हे गाणं तर पत्रच आहे, तुरुंगातल्या दोस्ताला लिहिलेलं. तुझं पोर झालं, तुझ्यासारखंच दिसतं, अमका अमक्यावर उलटला, तमका गेला, आईला पैसे दिले. वस्तीच्या बातम्या, एकापाठोपाठ एक, आवाज न चढवता. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ही रेकॉर्ड जतन करण्याच्या यादीत घेतली.

भाषेचा प्रश्न इथे निघतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. या रेकॉर्ड्समध्ये शिव्या आहेत, हिंसा आहे, काही ठिकाणी बायकांबद्दल असं बोललं जातं की ऐकवत नाही. ते मला खटकतं आणि खटकायलाच हवं. पण भाषा असभ्य आहे म्हणून पाठ फिरवायची असेल, तर मराठी वाचकानं आधी आपल्या कपाटाकडे बघावं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, म्हणजे हर्कच्या पार्टीच्या आदल्या वर्षीचा. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ‘गोलपिठा’ला प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. त्या वस्तीची भाषा परकी वाटणाऱ्या वाचकाला हात धरून आत नेण्याचं काम त्यांनी केलं. ज्यानं ढसाळ वाचले आहेत, त्याला नॅस समजायला फार तर इंग्रजीतल्या बोलीची अडचण येईल. बाकी सगळं त्याच्या ओळखीचं आहे.

‘इलमॅटिक’नंतर दोनच महिन्यांनी, जून १९९४ मध्ये, ओहायोतल्या डेटन गावातून गायडेड बाय व्हॉइसेस या बँडचा ‘बी थाउजंड’ आला. डेटन हे जुनं कारखान्यांचं गाव. बँडचा म्होरक्या रॉबर्ट पोलार्ड छत्तीस वर्षांचा, पेशानं प्राथमिक शाळेतला मास्तर, चौथीच्या वर्गाला शिकवणारा. वर्षानुवर्षं तो आणि त्याचे दोस्त बिअर पीत, तळघरात आणि गॅरेजमध्ये गाणी ध्वनिमुद्रित करत आणि पदरमोड करून थोड्याशा प्रती काढत. विकत कोणी घेत नसे.

त्यांचं यंत्र होतं चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. टॅस्कॅम कंपनीनं १९७९ मध्ये असा पोर्टास्टुडिओ काढला तेव्हा घरबसल्या ध्वनिमुद्रण पहिल्यांदा सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. तुमच्या-आमच्या साध्या कॅसेटच्या दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक. या यंत्रानं दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक एकाच दिशेनं वापरले. एकावर गिटार, एकावर ड्रम, एकावर बास, एकावर गळा, संपलं. आणखी काही घालायचं असेल तर तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर नवं भरायचं. दर उतरवणीला टेपचा सूं आवाज वाढतो, आधीचं थोडं विरतं, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो.

‘बी थाउजंड’मध्ये हे सगळं ऐकू येतं. वीस गाणी, छत्तीस मिनिटं. बरीचशी गाणी दोन मिनिटांच्या आत आटोपतात. पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच गायब होते आणि परत येते, आणि ते तसंच ठेवलेलं आहे. पण त्या सूं आवाजाखाली ज्या चाली आहेत! पोलार्ड साठच्या दशकातल्या इंग्लिश बँडांवर पोसलेला. त्याचा मुखडा एकदा कानात बसला की दिवसभर सुटत नाही, आणि त्याची श्रीमंती अशी की दुसऱ्यानं ज्या मुखड्यावर चार मिनिटांचं गाणं चालवलं असतं, तो मुखडा हा एकदाच गातो आणि पुढच्या गाण्याकडे जातो. ‘आय ॲम अ सायंटिस्ट’पासून सुरुवात करा. पहिल्यांदा ऐकताना रेकॉर्ड खराब आहे असं वाटेल. तिसऱ्यांदा ऐकताना इतर सगळ्या रेकॉर्ड्स जरा जास्तच घासूनपुसून ठेवल्यासारख्या वाटतील.

चार ट्रॅकची थोरवी मोठ्या माणसांनाही कळली होती. ब्रूस स्प्रिंगस्टीन स्टेडियम भरवणारा गायक. त्यानं १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, पोर्टास्टुडिओवर, काही गाणी नुसती नमुन्यादाखल उतरवली. नंतर बँड घेऊन तीच गाणी स्टुडिओत केली तर जीव गेला. शेवटी खिशात घालून हिंडवलेली ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून निघाली. ही रेकॉर्ड इंडी लेबलची नाही, पण या वाटेवरचा पहिला मुक्काम तीच. लिझ फेअरनंही शिकागोजवळ आईवडिलांच्या घरी चार ट्रॅकवर गाणी केली. त्यांतली काही पुढे ‘एक्झाइल इन गायव्हिल’मध्ये (१९९३) आली. पुरुषांनी भरलेल्या त्या रॉकच्या गल्लीत एका तरुणीनं इतकं स्पष्ट बोलणं तोवर कोणी ऐकलं नव्हतं.

पैशाचं बोलायचं तर निर्वाना या बँडची पहिली रेकॉर्ड ‘ब्लीच’ सिॲटलमध्ये ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये झाली. रेकॉर्डच्या कव्हरवर हा खर्च सहाशे डॉलर असा छापलेला होता. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोचे मिनटमेन हे कामगारवस्तीतले. त्यांनी १९८४ च्या ‘डबल निकल्स ऑन द डाइम’मध्ये चाळीसहून अधिक गाणी भरली, एकेक दीड मिनिटाचं. वॉशिंग्टनच्या फुगाझीनं ‘रिपीटर’ (१९९०) स्वतःच्याच डिस्कॉर्ड लेबलवर काढला, कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि टी-शर्टसुद्धा विकले नाहीत. नावलौकिक झाल्यावरही हिशेब बदलला नाही. या सगळ्यांत ऐकायला सोपा पेव्हमेंटचा ‘स्लँटेड अँड एनचँटेड’ (१९९२), आणि मनाला सर्वांत जास्त चटका लावणारा न्यूट्रल मिल्क हॉटेलचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ (१९९८).

हिपहॉपकडे परत येतो, कारण तिथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही शिफारस प्रामाणिक होणार नाही. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून तुकडा उचलायचा तर त्याचे पैसे कोणाला? लाँग आयलंडच्या डी ला सोल या तिघांच्या गटानं १९८९ मध्ये ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ काढला. निर्माता प्रिन्स पॉल यानं फंक, पॉप, परदेशी भाषा शिकवणारी रेकॉर्ड, जे सापडेल ते त्यात गुंफलं. इतकी खेळकर रेकॉर्ड हिपहॉपमध्ये दुसरी नाही. पण टर्टल्स या जुन्या बँडच्या सदस्यांनी दावा लावला. पुढे १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच चोरी न करण्याच्या बायबलमधल्या आज्ञेनं केली. तिथून प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसे लागू लागले, आणि शेकडो तुकड्यांची अशी गोधडी शिवणं गरिबाच्या हातून सुटलं. डी ला सोलचे जुने अल्बम परवानग्यांच्या घोळात अडकून स्ट्रीमिंगवर आलेच नाहीत. अखेर ३ मार्च २०२३ ला आले. तिघांपैकी डेव्हिड जॉलिकर, म्हणजे ट्रुगॉय, त्याआधी तीन आठवडे वारला होता.

याच प्रश्नाची दुसरी बाजू थेट मुंबईत पोहोचते. ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं २००२ चं ‘ॲडिक्टिव्ह’ अमेरिकेत गाजलं ते लताबाईंच्या आवाजावर. ‘ज्योती’ चित्रपटातलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं गाणं त्यात उचललेलं होतं आणि श्रेय कोणालाच नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकू नये असा आदेश लॉस एंजेलिसच्या कोर्टानं दिला. तो योग्यच होता. मॅडलिब या कॅलिफोर्नियाच्या निर्मात्यानं २००७ मध्ये ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा आख्खा अल्बम हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांतून घडवला. अफाट रेकॉर्ड आहे ती, आणि ती ऐकताना मला गोव्याचे वादक आठवतात. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे ताफे अनेक वर्षं गोमंतकीय व्हायोलिनवादकांनी, ट्रंपेटवाल्यांनी आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरनी पेलले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लोकांना माहीत झाले ते प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचं नाव ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात वापरल्यामुळे. बाकीच्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर कधी छापलीच गेली नाहीत. सॅम्पल घेणाऱ्यानं ती पुसली असं म्हणता येत नाही. ती आपण आपल्याच घरी आधी पुसली होती. माझं मत असं: तुकडा उचलू द्यावा, पण पैसे द्यावेत आणि वाजवणाऱ्याचं नाव शोधून छापावं.

मॅडलिबची सर्वांत थोर कामगिरी मात्र ‘मॅडव्हिलनी’ (२००४), मुखवटा घालून वावरणाऱ्या एमएफ डूम या रॅपरच्या जोडीनं केलेली. तिचे काही ठेके ब्राझीलमधल्या हॉटेलच्या खोलीत, हातात मावणाऱ्या सॅम्पलरवर आणि लहानशा टर्नटेबलवर झाले. गाणी दोन-दोन मिनिटांची, ध्रुवपद जवळजवळ नाहीच. ‘बी थाउजंड’ आवडलेल्या माणसाला मी हीच रेकॉर्ड देतो, आणि ती हमखास लागू पडते. लयीचे षौकीन असाल तर डेट्रॉइटच्या जे डिलाचा ‘डोनट्स’ घ्या. तो ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी डिला गेला. त्याचा ठोका मात्रेवर नेमका पडत नाही, किंचित मागे नाहीतर पुढे पडतो, आणि तरी सम चुकत नाही. तबला ऐकत वाढलेल्या कानाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

दोन्ही घराणी समोरासमोर बसलेली ऐकायची असतील तर ‘जजमेंट नाइट’ या १९९३ च्या चित्रपटाचा साउंडट्रॅक शोधा. प्रत्येक गाण्यात एक रॉक बँड आणि एक रॅपर नाहीतर रॅपचा गट. त्यात स्कॉटलंडचा टीनेज फॅनक्लब आणि डी ला सोल यांचं ‘फॉलिन’ फार गोड जमलं आहे. आणि इंग्लंडच्या कॉर्नरशॉपचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ तर आपलंच. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना इंग्लिश इंडी बँडनं वाहिलेलं ते मानाचं गाणं. नॉर्मन कुक या डीजेनं वेग वाढवून केलेली आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. मला मूळ संथ आवृत्ती अधिक भावते, कारण गिटारच्या मोजक्या सुरांवर रमत-गमत चालण्याची तिची ऐट वेगात हरवते. टिजिंदर सिंगच्या या बँडनं १९९२ मध्ये इएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर गायक मॉरिसीचा फोटो जाळला होता, त्याच्या राष्ट्रवादी चाळ्यांचा निषेध म्हणून. ज्यांनी ते केलं, त्यांनीच पुढे घराघरांत आशाबाईंचं नाव नेलं.

आणि मुंबईत? कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं २०१४ मध्ये ‘आफत’ वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलं, आणि चित्रितही त्याच आयपॅडवर. कॅसेटच्या चार ट्रॅकची जागा आता अशी साधनं घेतात. मुंबईच्या रॅपवरचा ‘गली बॉय’ (२०१९) हा चित्रपट पाहून समाधान मानलेल्यांनी मागे जाऊन हे गाणं ऐकावं. त्याहून माझी कळकळीची शिफारस स्वदेशी या मुंबईच्या गटाची ‘द वारली रिव्होल्ट’. आरेच्या जंगलात राहणारे आदिवासी गायक आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या गळ्यासह केलेलं ते गाणं जंगलतोडीविरुद्ध उभं आहे. एमसी मवाली यांच्यासारखे रॅपर त्यात आहेत. पाड्यावरचा गळा आणि रॅप एकमेकांना अजिबात परके वाटत नाहीत.

ऐकण्याबद्दल एवढंच सांगेन. फोनच्या स्पीकरवर नको, कारण बास आणि टेपची खरखर दोन्ही तिथे मरतात. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमानं, एका बैठकीत. बोल समोर ठेवून वाचायला लाजू नका. न्यूयॉर्कच्या बाहेरच्या लोकांनाही ते करावं लागतं. आणि ही यादी संपल्यावर आपल्या शहरात शंभर-दोनशे माणसांच्या जागेत गाणारी, मराठीत रॅप करणारी, स्वतःच्या गिटारी स्वतः उचलून आणणारी पोरं शोधा. त्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट काढून जा, पास मागू नका.